टाळू (डोक्याची त्वचा)

टाळू म्हणजे कपाळाच्या वरपासून मानेपर्यंत कवटीवर पसरलेली केसांची त्वचा, पण मराठीत हा शब्द जरा घोळ घालतो, कारण तोंडातल्या वरच्या भागालाही टाळूच म्हणतात आणि बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा, जी साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते, तीसुद्धा टाळूच. म्हणजे नुसतं 'टाळूला फोड आलाय' लिहिलं तर डॉक्टर आधी तोंड उघडायला सांगतील. आजकाल लोक सरळ स्काल्प लिहितात, चालतं.

डोक्याच्या या त्वचेला पाच थर असतात. वरची त्वचा, खालचा घट्ट धाग्यांचा थर आणि चिवट पडदा हे तिन्ही एकमेकांना धरून असतात, मग एक सैल थर आणि शेवटी हाडाला लागून आवरण. डोक्यावर बोटं टेकवून मागेपुढे केली की त्वचा कवटीवरून सरकते ना, ती त्या सैल थरामुळे. आणि घट्ट थरातली रक्तवाहिनी कापली की आजूबाजूचे धागे तिचं तोंड मिटू देत नाहीत, म्हणून डोक्याला एवढीशी खोक पडली तरी रक्ताची धार लागते, घाबरायला होतं, पण आधी स्वच्छ कापड दाबून धरायचं.

कोंडा म्हणजे अस्वच्छपणा हा समज चुकीचा आहे. मॅलासेझिया नावाची बुरशी जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात असते, त्वचेच्या तेलावर जगते, काहींच्या त्वचेला ती सोसत नाही इतकंच. किटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू 3 ते 5 मिनिटं ठेवायचा असतो, लोक लावतात काय, लगेच धुतात काय आणि मग म्हणतात फरक नाही! तेल चोपडलं की पापुद्रे नुसते चिकटून बसतात, कोंडा तिथेच असतो. नखांनी खाजवू नये. रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे.

डोक्याच्या त्वचेच्या तक्रारीचं वर्णन लिहिताना जागा आधी: भांगात, भोवऱ्याजवळ, कानामागे की केसांच्या कडेला. मग काय दिसतं ते. भुशासारखं झडतं तो कोंडा, जाड चंदेरी पापुद्रे केसांची कड ओलांडून कपाळावर आले तर सोरायसिसची (त्वचेच्या एका जुनाट आजाराची) शंका, गोल गुळगुळीत चट्टा म्हणजे बहुतेक चाई (तेवढ्या जागेचे केस गळणं), आणि लहान मुलाच्या डोक्यात तुटक्या केसांचा खपल्या धरलेला चट्टा असेल तर खवडा (बुरशीचा संसर्ग), त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. 'डोकं खराब झालंय' यातून कुणालाच काही कळत नाही. फोटो काढायचा तर भांग पाडून, उजेडात आणि तेल लावायच्या आधी.