पार्श्वभूमी : घरापुरतं पिकवणारी आफ्रिकन शेतकरीण रोजगारात का धरली जात नाही?

आफ्रिकेतलं श्रम, स्त्रिया आणि विकास यांवरचं अलीकडचं संशोधन वाचताना एका निर्णयाला वळसा घालता येत नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये जिनिव्हात भरलेल्या श्रम-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काम' आणि 'रोजगार' यांची फारकत केली. 1982 च्या व्याख्येत घरी खाण्यापुरतं पिकवणारी बाईसुद्धा, त्या धान्यावर घर बऱ्यापैकी अवलंबून असेल तर, रोजगारात मोजली जायची. आता रोजगार म्हणजे मजुरीसाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम, एवढंच. मुख्यतः घरासाठी पिकवणं, पाणी भरणं, सरपण आणणं, रांधणं, मुलं सांभाळणं हे सगळं 'स्वतःच्या वापरासाठीचं उत्पादन' या वेगळ्या खान्यात गेलं. स्वयंपाकाला काम म्हणून पहिल्यांदाच अधिकृत मान्यता मिळाली आणि त्याच ठरावात खुरपणाऱ्या बाईचा रोजगार गेला.

कसोटी हेतूची आहे, घामाची नाही. 'या शेतातलं पीक मुख्यतः विकायला की घरी खायला?' या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं ठरतं. आफ्रिकेतल्या काही भागांत शेती करणाऱ्यांपैकी सुमारे 70 ते 80 टक्के लोक 'घरी खायला' हेच उत्तर देतात, म्हणजे हा प्रश्न किरकोळ नाही. मलावीतली बाई घ्या. डिसेंबर-जानेवारीत ती स्वतःच्या मक्यात रोज वाकून खुरपते, पण मका घरासाठी असल्याने रोजगारात नाही. त्याच आठवड्यात ती शेजाऱ्याच्या शेतावर तासभर 'गन्यू'ला, म्हणजे रोजंदारीला, गेली तर रोजगारात आली, कारण आठवड्यात एक तास पुरतो. घानात नवऱ्याच्या कोकोच्या बागेत राबणारी बायको रोजगारात धरली जाते. तिच्या हातात पैसा पडला नाही तरी कोको बाजारात जातो आणि ती 'कुटुंबातली मदतनीस' ठरते. तीच बाई बांधापलीकडे स्वतःचा कसावा (साबुदाण्याचा कंद) लावते, तो घरी शिजतो, तर ते काम रोजगारात येत नाही.

प्रत्यक्ष पाहणीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. एकाच तुकड्यात मका आणि घेवडा मिसळून पेरलेला असतो. मका कणगीत जातो, घेवडा आठवडी बाजारात. मग 'मुख्यतः' कशावरून ठरवायचं, वजनावरून की पैशावरून? पेरणीच्या वेळी विचारलं तर हेतू सांगितला जातो, कापणीनंतर विचारलं तर प्रत्यक्षात काय झालं ते. मधल्या काळात औषधपाण्यासाठी दोन पोती विकलेली असू शकतात. शिवाय विकायचं की नाही हे नवरा ठरवतो आणि शेतात बायको राबते अशा घरात उत्तर कुणाचं घ्यायचं, हेही आधी पक्कं करावं लागतं.

रवांडाने हे निकष लवकर लावले. तिथल्या 2013-14 च्या कुटुंब पाहणीत बेकारीचा दर 2 टक्के होता. 2017 च्या श्रमबल (रोजगारातले आणि काम शोधणारे मिळून) पाहणीत तो 17 टक्क्यांच्या आसपास गेला. देशात अरिष्ट आलेलं नव्हतं. समजण्यापुरता हिशेब असा : 100 जणांत 98 कामावर, 2 बेकार, म्हणून दर 2 टक्के. त्या 98 पैकी 60 जण फक्त घरापुरती शेती करतात. ते रोजगारातून वगळले, 38 उरले. वगळलेल्यांपैकी 6 जण मजुरी शोधत होते, ते आता बेकारांत आले. म्हणजे 46 जणांच्या श्रमबलात 8 बेकार, दर 17 टक्क्यांवर. उरलेले 54 जण श्रमबलाच्याच बाहेर. खरी अडचण या 54 जणांची आहे, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने असतात.

फारकतीच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. सगळेच 'रोजगारात' दाखवले की पगाराचं काम किती थोडं आहे हे झाकलं जातं आणि बेकारी 2 टक्के बघून सरकार निश्चिंत होतं. पण ठरावात दोन्ही प्रकारचं काम मोजायला सांगितलं आहे, आणि मथळ्यात येतो फक्त रोजगाराचा आकडा. दुसरा तक्ता छापला नाही तर ही बाई पुन्हा अदृश्य होते. भारताच्या श्रमबल पाहणीत घरापुरती शेती रोजगारातच धरतात, त्यामुळे आपले आकडे रवांडाच्या नव्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नये.

मोजणीचा घोळ 2013 ला सुरू झाला नाही. 1900 च्या युगांडा करारात झोपडीमागे वर्षाला 3 रुपये कर होता (पूर्व आफ्रिकेत तेव्हा हिंदुस्थानचा रुपया चाले). कर झोपडीवर आणि नोंद पुरुषाची, म्हणून वसाहतीच्या दप्तरात मजूर म्हणजे पुरुष. 1970 मध्ये एका डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी आफ्रिकेच्या कुदळीच्या शेतीला 'बायकांची शेती' म्हटलं आणि वारं फिरलं, इतकं की 'आफ्रिकेतलं 60 ते 80 टक्के अन्न बायका पिकवतात' हे वाक्य पुराव्याशिवाय अहवालोअहवाली फिरू लागलं. सहा देशांतल्या शेताच्या तुकडावार नोंदी तपासून 2017 मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात पीकशेतीच्या श्रमात बायकांचा वाटा सरासरी 40 टक्के निघाला. युगांडा, टांझानिया, मलावीत निम्म्याहून थोडा जास्त, नायजेरियात 37, इथिओपियात 29, नायजरमध्ये 24. फुगवलेल्या आकड्याने बायकांचं भलं झालेलं नाही.

तुकडावार नोंदींचं महत्त्व त्याआधीच कळलं होतं. बुर्किना फासोत नवरा-बायकोची शेतं वेगळी असतात. 1981 ते 85 च्या नोंदींवरून 1996 मध्ये दाखवलं गेलं की त्याच घरात, त्याच वर्षी, त्याच पिकाचा उतारा बायकोच्या शेतात सुमारे 30 टक्के कमी येतो, कारण शेणखत आणि माणसं नवऱ्याच्या शेतात जातात. खत नुसतं नीट वाटलं असतं तरी घराचं उत्पन्न वाढलं असतं. घर म्हणजे एक मन, एक तिजोरी, हे गृहीतक तिथे मोडलं.

तास मोजण्यातही चूक शिरते. टांझानियातल्या एका प्रयोगात निम्म्या लोकांना थोडक्यात विचारलं, बाकीच्यांना आधी एकेक काम आठवून देऊन. थोडक्यात विचारलेल्या गटात कामावरच्या बायका कमी भरल्या. उत्तर दुसऱ्याने दिलं तर मात्र अपेक्षेउलट बायकांचे आकडे हलले नाहीत, पुरुषांचे घसरले. त्यांची शेतीच सांगायची राहून गेली. दुसऱ्या एका अभ्यासात, हंगाम संपल्यावर विचारलेले माणशी-तुकडावार तास दर आठवड्याला नोंदलेल्या तासांच्या चौपटीपर्यंत गेले. कमीजास्त चालणाऱ्या कामाचे नेहमीचे तास सांगताना अंदाज फुगतो. उलट काही माणसं आणि काही तुकडे पार विसरले जातात, म्हणून घराची एकूण बेरीज तेवढी चुकत नाही. माणशी आकडा वापरणाऱ्याला तासामागचं पीक आहे त्याहून कमी दिसतं.

नायजेरियात रवांडाच्या उलटं घडलं. तिथे आठवड्याला 20 तासांहून कमी काम करणारा बेकार धरला जायचा. 2020 च्या शेवटच्या तिमाहीत दर 33.3 टक्के होता. 2023 मध्ये एक तासाची अट आली आणि पहिल्या तिमाहीचा दर 4.1 टक्के निघाला. रवांडात नव्या निकषांनी बेकारी वाढली, नायजेरियात कोसळली, आणि दोन्हीकडे शेतातली बाई जिथे होती तिथेच खुरपत होती.