शेनिन ब्लां की सॉव्हिन्यॉ ब्लां?

माझ्या नवऱ्याला रेड वाइन चालत नाही. "कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुकानात नुसतं "व्हाइट द्या" म्हटलं की हातात पडते शेनिन ब्लां, नाहीतर सॉव्हिन्यॉ ब्लां. रंग तोच फिकट, दोन्ही नावं द्राक्षाच्या जातींची, मूळ दोन्हींचं फ्रान्समधलं, लेबलवर नाशिक, आणि 'ब्लां' म्हणजे पांढरी. एक पसंत पडली नाही म्हणून वर्षभर दुसरीलाही आम्ही हात लावला नव्हता.

जीभ आखडते ती टॅनिनमुळे. ते द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. रेड सालींसकट आंबवतात, व्हाइटसाठी आधी रस काढून घेतात. त्यामुळे तुरटपणाची तक्रार दोघींबाबतही मिटते. फरक आहे तो आंबट-गोडाचा आणि वासाचा.

सॉव्हिन्यॉ बहुधा ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ सगळी आंबून संपलेली. ग्लास नाकाशी नेला की नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. हा नाकाचा भास नव्हे. पायराझिन गटातली द्रव्यं ढोबळीत असतात, तशी या द्राक्षातही. पहिल्या घोटाला नवरा म्हणाला, "यात लिंबू पिळलंय का?" तळलेल्या सुरमईबरोबर मात्र त्यानेच दुसरा ग्लास भरून घेतला.

शेनिनही मुळात आंबटच. पण नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांत थोडी साखर राखलेली असते, त्यामुळे आंबटपणा अंगावर येत नाही. वास पिकलेल्या पेअरचा, जरासा मधाचा. तिखटावर हीच घ्यावी: कोल्हापुरी रश्श्याने पोळलेल्या जिभेला ती गोडी बरी वाटते, सॉव्हिन्यॉ तिथे उलट बोचते. फक्त लेबल नीट वाचा. शेनिन अगदी ड्रायपासून चक्क गोडापर्यंत सगळ्या तऱ्हांची होते.

नावावरून आणखी एक घोळ होतो. सॉव्हिन्यॉ ब्लां म्हणजे कॅबर्ने सॉव्हिन्यॉ या रेडचीच पांढरी आवृत्ती, असं मलाही वाटायचं. नातं आहे, पण उलटं. कॅबर्ने फ्रां (हीसुद्धा रेडच्या द्राक्षाची जात) आणि सॉव्हिन्यॉ ब्लां यांच्या संकरातून कॅबर्ने सॉव्हिन्यॉ जन्मली, हे 1997 मध्ये डीएनए चाचणीत उघड झालं. म्हणजे माझ्या लाडक्या रेडची एक जन्मदाती व्हाइटच! नवऱ्याला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. "बरं," म्हणाला, आणि फ्रीजमधून शेनिन काढली.