दुखत नाहीये, मग कशाला यायचं? (पन्नाशीपुढच्या पेशंटसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

साठीच्या पुढचं कोणी आमच्याकडे पहिल्यांदा आलं की खुर्चीत बसता बसता एक वाक्य येतंच, "डॉक्टर, आता वय झालं, दात जायचेच." सोबत आलेली सून नाहीतर मुलगा मान डोलावतो आणि मग आम्ही तीच रेकॉर्ड परत पहिल्यापासून लावतो, म्हणून म्हटलं एकदाच छापून ठेवू, वेटिंगमध्ये बसल्या बसल्या वाचा आणि घरी पण घेऊन जा.

तर वयाने केस पिकतात, गुडघे कुरकुरतात, पण नुसत्या वयाने दात पडत नाहीत. ते पडतात हिरड्यांच्या आजाराने, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात, नाहीतर किडीने. आणि दोघांची खोड एकच, वर्षानुवर्षं आत काम चालू असतं पण दुखत नाही. ठणका लागला, रात्री दाढेत लवंग धरून बसावं लागलं, म्हणजे बहुतेक वेळा गोष्ट साध्या फिलिंगच्या पलीकडे गेलेली असते. जपानमध्ये १९८९ पासून एक मोहीम चालू आहे, नाव साधंच, ८०-२०, म्हणजे ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे किमान २० दात. वीसच का, तर तेवढे असले की जवळपास सगळं चावून खाता येतं. २०१६ च्या पाहणीत तिथले ऐंशीच्या आसपासचे निम्म्याहून जास्त लोक त्यात बसले. म्हणजे म्हातारपणी तोंडाचं बोळकं व्हायलाच पाहिजे असा काही नियम नाहीये.

ते "दोन, तीन, दोन, पाच" काय असतं

तपासताना आम्ही एक बारीक, बोथट टोकाची, रेघा मारलेली काडी दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत अलगद सरकवतो आणि असिस्टंटला आकडे सांगत जातो, दोन, तीन, दोन, तीन, पाच. एका आजोबांनी तर विचारलं होतं, मटका लावताय का म्हणून. ते मिलिमीटर असतात. खाच ३ पर्यंत असेल तर ठीक, ४ आला की आम्ही लक्ष ठेवतो, ५-६ म्हणजे दाताला धरून ठेवणारं हाड खाली सरकायला लागलंय. सहा मिलिमीटर खोल खाचेत तुमचा ब्रश जात नाही, कितीही घासा. दात वरून अगदी पांढराशुभ्र दिसेल, कीड नाही, दुखणं नाही, आणि तरी हलेल. निफाडकडचे एक द्राक्षवाले काका आहेत, त्यांना एक्स-रे दाखवला तर ते म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, मांडवाचा लोखंडी अँगल चांगलाय, बुडाची माती गेलीये." आता आम्ही सगळ्यांना असंच सांगतो.

ही माती जाते कशाने, तर दातावर रोज जो चिकट थर बसतो त्यातल्या जंतूंनी. तो थर बोटाने, ब्रशने निघतो. पण राहून गेला तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार बसून कडक व्हायला लागतो, त्याचं होतं कीटण. कीटण मग ब्रशने निघत नाही, नखाने तर अजिबात काढू नका. सुरुवातीला फक्त हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येतं. ही स्टेज पूर्ण बरी होते. हाड गेलं की ते परत आपोआप येत नाही, तेव्हा आमचं काम उरलंय तेवढं टिकवण्याचं.

आणि इथेच लोक नेमकं उलटं करतात. रक्त आलं की त्या बाजूला ब्रश करायचंच सोडतात, आणि बोटाने मंजन लावून मोकळे होतात. अहो, रक्त ब्रशमुळे येत नसतं, तिथे घाण साचलीये म्हणून येतं. मऊ ब्रशने त्याच जागी नीट, हळू साफ करत राहिलात तर सुरुवातीची सूज आठ-दहा दिवसांत कमी होताना दिसते, नाही झाली तर या.

क्लिनिंग केलं की दात हलतात म्हणे

हा गैरसमज आम्ही रोज ऐकतो. कोणाच्या तरी साडूने केलं, त्याचे दात मोकळे झाले, झालं, अख्ख्या बिल्डिंगने धसका घेतला. खरं काय होतं ते सांगतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडून, कीटणाचा एक जाड पट्टा बसलेला असतो, सलग, भिंत बांधल्यासारखा. हाड गेल्यामुळे दातांमध्ये जी फट पडली ती त्या कीटणाने भरून गेलेली असते. ते काढलं की जिभेला पहिल्यांदा फट लागते, पेशंट जीभ फिरवून फिरवून बघतो आणि म्हणतो, डॉक्टर, खिडकी पडली! खिडकी आधीपासून होती हो, फक्त कचऱ्याने बुजलेली होती. कधी कधी ते कीटणच हलत्या दातांना एकत्र धरून असतं, ते निघालं की हलणं जाणवतं. क्लिनिंगनंतर काही दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात हे मात्र खरं, ते आम्ही आधीच सांगतो, आणि ते जातं.

दर सहा महिन्यांनी सगळ्यांनी केलंच पाहिजे असं आम्ही डोळे झाकून म्हणत नाही. कोणाला वर्षातून एकदा पुरतं, शुगर आणि तंबाखू दोन्ही असेल तर तीन-चार महिन्यांनी लागतं. आकडे बघून ठरवायचं.

ब्रश, पेस्ट आणि चूळ

ब्रश मऊ घ्या. हार्ड ब्रशने जोरजोरात आडवं घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात, कुऱ्हाडीने झाडाला घाव घातल्यासारख्या, आणि मग गार-आंबट लागलं की कळ जाते. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका ठेवायचा, जागच्या जागी हलवायचा, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातली रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी होते. सकाळी दहा मिनिटं घासून रात्री नुसतंच झोपणारे खूप आहेत, एकच वेळ जमणार असेल तर आमच्या मते रात्रीची धरा.

पेस्ट कुठलीही चालेल, लवंगाची असो की मिठाची, पण ट्यूबवर बारीक अक्षरात फ्लोराइड (कीड रोखणारं औषध) किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, ते लिहिलंय का ते बघा. आपल्याकडे कायद्याने १००० पीपीएमची मर्यादा आहे, त्याच्या जवळपासची घ्या. नळाला आपल्याला नाशिकमध्ये गंगापूर धरणाचं पाणी येतं, त्यात अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांसारखं फ्लोराइड वेगळं मिसळत नाहीत, म्हणजे दातांना जे मिळायचं ते मुख्यतः पेस्टमधूनच. आणि हे आमचं सगळ्यात न ऐकलं जाणारं सांगणं, ब्रश झाल्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरू नका, फेस थुंकून टाका, बस. नाहीतर पेस्टमधलं औषध सगळं बेसिनमध्ये. राखुंडी, विटकरीची पूड, खरखरीत लाल मंजन यांनी दात चमकतात कारण ते घासून झिजतात.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण पन्नाशीनंतर हिरड्या खाली जातात, फटी पडतात, आणि रविवारच्या मिसळीतली मटकी नेमकी तिथे जाऊन बसते. सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली (हो, पाहिलंय) यापेक्षा बाटली धुवायच्या ब्रशसारखा बारीक इंटरडेंटल ब्रश मिळतो तो घ्या. साइझ आम्ही तोंडात बघून सांगतो, चुकीचा आणला तर जात नाही आणि मग लोक कंटाळून सोडतात. दात अगदी जवळजवळ असतील तर फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा धागा.

गोळ्या सुरू असतील तर हा भाग दोनदा वाचा

शुगर आणि हिरड्या दोघं एकमेकांचं बिघडवतात. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरड्यांमध्ये इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात येत नाही. हिरड्यांची ट्रीटमेंट नीट झाली तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची शुगर दाखवणारा आकडा) सरासरी ०.४ च्या आसपास खाली आलेलं अभ्यासांमध्ये दिसलंय. म्हणून गोळी बंद करायची असा अर्थ काढू नका, ते तुमच्या फिजिशियनचं काम.

बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या फुगतात, दातांवर चढल्यासारख्या. बीपीच्या काही गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या, डिप्रेशनच्या, यांनी तोंड कोरडं पडतं. लोकांना वाटतं उन्हाळ्यामुळे असेल. लाळ कमी झाली की आंबटपणा धुतला जात नाही, आणि हिरडी खाली गेल्यामुळे उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते, तिथे वरचं इनॅमल, म्हणजे दाताचं कडक आवरण, नसतंच. ही कीड झपाट्याने पसरते, वर्षभरात चार-पाच दात गेलेले पाहिलेत. अशा वेळी घोट घोट पाणी प्या, तोंडात खडीसाखर-गोळी चघळत बसू नका (हे अगदी कॉमन आहे, तोंड कोरडं म्हणून दिवसभर पेपरमिंट), आणि आमच्याकडे फ्लोराइड वार्निश (दातांवरचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दाढ काढायच्या आधी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बऱ्याच वेळा बंद न करताच काढता येते, गरज पडली तर आम्ही तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल तर ते नक्की सांगा, त्यात दाढ काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, थोडाच असतो पण असतो. अशी औषधं सुरू व्हायच्या आधीच दात दाखवून घेतले तर सगळ्यात बरं. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधी सांगा, काही कामांआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

मशेरी

यावर बोलताना आम्हाला पेशंटवर ओरडायचा हक्क नाही कारण आमच्याच आजीची होती. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, घरभर तो वास, मग डबीत भरून दिवसातून चार वेळा. ती म्हणायची याने दात घट्ट राहतात. राहिले नाहीत. १९९२ मध्ये टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला देशात बंदी आली, २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण घरातल्या तव्यावर कोण बंदी घालणार. नुसती सुपारी खाणाऱ्यांनी पण खूश होऊ नका, सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे, तंबाखू नसली तरी.

तोंडाच्या कॅन्सरची शंका वेळेत यावी म्हणून घरी बघायचं एवढंच, स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का. गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का. तिखट एकदम झोंबायला लागलंय का. आणि तोंड आलं म्हणून दोन आठवडे जेल लावूनही जखम भरत नसेल तर तिसऱ्या आठवड्याची वाट बघू नका. ती बऱ्याचदा दुखत नाही.

कवळी, द्राक्षं आणि बाकी

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. चोवीस तास घातली की टाळू लाल होतो, बुरशी धरते. साफ करायला मऊ ब्रश आणि साधा साबण, पेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने वाकडी होते. खाली पडून तुटली तर घरच्या गोंदाने चिकटवून आणू नका, मग आम्हालाही ती नीट बसवता येत नाही. एक दाढ काढली आणि मागचीच तर आहे म्हणून तशीच सोडली तर शेजारची त्या जागेत कलंडते आणि वरची खाली उतरते, हे सावकाश होतं म्हणून कळत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकमध्ये राहून द्राक्षं खाऊ नका असं कोण म्हणेल. खा, पण जेवणाबरोबर खा, टीव्ही बघत तासभर एकेक मणी तोंडात टाकत बसू नका, कारण त्यात साखर पण आहे आणि आंबटपणा पण. आणि दात आंबले म्हणून लगेच ब्रश करू नका, अर्धा तास थांबा, तेव्हा इनॅमल नरम झालेलं असतं.

येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, "ती छोटी पांढरी" सांगून आम्हाला कळत नाही. शेवटचा शुगरचा रिपोर्ट आणा. जुनी कवळी वापरत नसाल तरी आणा. उपाशी येऊ नका, शुगरची गोळी घेतलेली असेल तर तर नाहीच. खर्च आम्ही काम सुरू करायच्या आधी कागदावर लिहून देतो, जास्त वाटला तर स्पष्ट बोला, हप्ते करता येतात, आणि तेही जमत नसेल तर पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथे वेळ जास्त जातो पण खर्च कमी येतो, आम्ही स्वतः चिठ्ठी देऊ.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाहीये, याबद्दल सॉरी. गुडघ्यांचा त्रास असेल तर खाली मेडिकलच्या दुकानात खुर्चीवर बसा आणि फोन करा, असिस्टंट हात धरायला खाली येईल.