हेवी मेटलचा उगम: बर्मिंगहॅमच्या गोष्टीत काय सुटतं

हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताचा उगम विद्यार्थ्यांना शिकवायचा म्हटलं की गोष्ट हमखास बर्मिंगहॅममध्ये सुरू होते. धुरांड्यांचं शहर, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या वस्त्या, ओतशाळांमधला घणाघात आणि त्यातून जन्मलेलं तसंच दणदणीत संगीत. गोष्ट सांगायला सोपी आहे आणि खोटीही नाही. हेवी मेटलची सुरुवात ज्याच्यापासून सांगतात त्या 'ब्लॅक सॅबथ' बँडचे चौघेही तिथल्या अ‍ॅस्टन भागातले, कामगारांच्या घरांतले. पण कारखान्याचा आवाज कानावर पडला म्हणून गाणं कर्कश झालं, हा तर्क दुसऱ्या गावात नेला की कोसळतो.

अमेरिकेतलं डेट्रॉइट घ्या. बेरी गॉर्डी तिथल्या लिंकन-मर्क्युरीच्या मोटार कारखान्यात जुळणीचं काम करत होता. त्यानं १९५९ मध्ये काढलेल्या कंपनीतून बाहेर पडलं ते मोटाऊनचं गोड, घोटीव, नाचायला लावणारं संगीत. आपलं गिरणगाव घ्या. मागांच्या खडखडाटानं तिथल्या कित्येकांचे कान गेले, पण त्या चाळींनी आपल्याला शाहिरी दिली, भजनी मंडळं दिली. मुंबईत मेटल रुजलं ते गिरण्यांच्या आवारात नव्हे, तर कॉलेजांच्या महोत्सवांत आणि १९८६ पासूनच्या 'इंडिपेंडन्स रॉक'सारख्या मैफलींत. म्हणजे कारखाना हे कारण असेलही, पण नेमकं कशाचं, ते वर्गात नीट उलगडायला हवं.

कारखान्यानं दिलेली सर्वांत ठोस गोष्ट म्हणजे एक अपघात. साल १९६५. पुढे सॅबथचा गिटारवादक झालेला टोनी आयोमी तेव्हा १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा. गिटार वाजवायला बँडबरोबर परदेशी जायचं ठरलं होतं आणि नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा त्याला परत जायचंच नव्हतं. आईनं दिवस पुरा करायला पाठवलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. त्या दिवशी त्याला नेहमीचं काम सोडून पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर उभं केलं होतं. यंत्रानं उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोकं नेली. आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात हाच. गिटारवादकाच्या दृष्टीनं नेमका जायला नको तो हात गेला.

पुढची गोष्ट मुलांना सांगायला रंगते, आणि रंगवावीही. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ मध्ये आगीत निकामी झाली होती आणि तरी तो युरोपातला नावाजलेला गिटारवादक होता. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना बसतील अशी टोपणं केली, घासून आकार दिला, वर चामडं चिकटवलं. त्या टोपणांतून तार जाणवत नव्हती आणि जाड तार दाबताना दुखायचं, म्हणून त्यानं बँजोच्या पातळ तारा गिटारला लावून पाहिल्या.

इथे बहुतेक लेखांत घाई होते. बोटं गेली, म्हणून तारा सैल केल्या, म्हणून सूर खाली आला, म्हणून मेटल जन्मलं, अशी एका दमातली साखळी सांगितली जाते. कालक्रम तसा नाही. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, आलेला सॅबथचा पहिला अल्बम नेहमीसारख्याच लावलेल्या गिटारवर वाजवलेला आहे. तारा तीन अर्धस्वर खाली उतरवलेल्या गिटारी ऐकू येतात त्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पासून. म्हणजे सूर उतरण्याआधीच संगीत पुरेसं भारदस्त झालं होतं. तो भार आला कुठून?

एक उत्तर विजेचं आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्यापलीकडे रेटलं की आवाजाची लाट वरून-खालून छाटली जाते आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर उमटतात. अभियंत्यांच्या लेखी हा दोष. वादकांना मात्र तो आवडायला लागला. १९५८ मध्ये लिंक रे यानं स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली; १९६४ मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं चिरे दिले. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलनं १९६२ मध्ये अ‍ॅम्प्लिफायर करायला घेतले, कारण अमेरिकन फेंडर आयात करून घेणं तिथल्या पोरांच्या खिशाला परवडत नव्हतं. तीनच वर्षांत 'द हू' या बँडसाठी १०० वॅटची अजस्र पेटी तयार झाली. सॅबथचा आवाज मात्र लेनीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. १९६७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी बर्मिंगहॅमचीच.

आता या छाटलेल्या आवाजात तीन-चार सुरांचा भरगच्च कॉर्ड वाजवला तर नुसता गोंगाट होतो. गांधार तर ऐकवत नाही. म्हणून वादकांनी तो टाकला आणि षड्ज-पंचम तेवढा ठेवला. याचंच नाव पॉवर कॉर्ड. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम अशा अ‍ॅम्प्लिफायरमधून एकत्र गेले की त्यांच्या वजाबाकीचा, ५५ हर्ट्झचा, खालचा षड्जही ऐकू येतो. साध्या लावणीतल्या गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे हा सूर त्या वाद्यावर कुठेच नाही, तरी भिंतीत जाणवतो. जुळलेल्या तानपुऱ्यात न छेडलेला गांधार ऐकलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं. 'हेवी' शब्दातला भार निदान अर्धा तरी या वजाबाकीत आहे असं मला वाटतं, आणि शिकवताना नेमका हाच भाग गाळला जातो.

दुसरं उत्तर स्वरांचं. पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं, नावही 'ब्लॅक सॅबथ'च. त्याच्या मुख्य रिफमध्ये, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या छोट्या तुकड्यात, सूर तीनच: षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. बेसवादक गीझर बटलर इंग्रज संगीतकार होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेतला 'मार्स' हा भाग वाजवत बसायचा आणि त्यातून आयोमीला ही चाल सुचली, असं ते दोघं सांगतात. तीव्र मध्यम भीतिदायक असतो असं मात्र मुलांना सांगू नये. यमन ऐकलेलं मूल लगेच हात वर करील. यमनात तो मध्यम पंचमाकडे जातो आणि जीव भांड्यात पडतो. इथे पंचमावर विसावा मिळतच नाही. मध्यमावर हात थरथरत राहतो आणि पुन्हा खालचा षड्ज. पंचम नसलेला मारवा संध्याकाळी ऐकताना जी अस्वस्थता येते, तिच्या जवळपासचं काही घडतं. मध्ययुगीन चर्चनं या स्वरसंगतीवर बंदी घातली होती ही लोकप्रिय कथा मात्र सोडून द्यावी. तशा बंदीचा पुरावा नाही. तिला सैतानाशी जोडणारी लॅटिन संज्ञा १८व्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतग्रंथांत दिसते.

आणि तिसरं, बर्मिंगहॅमच्या गोष्टीत सर्वांत आधी गळणारं, म्हणजे ब्लूज. १९६८ मध्ये ही चौकडी जमली तेव्हा तिचं नाव 'पोल्का टल्क ब्लूज बँड' होतं. मग 'अर्थ', आणि १९६९ मध्ये 'ब्लॅक सॅबथ'. मिसिसिपीतून शिकागोला गेलेल्या कृष्णवर्णीय वादकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत ही ब्रिटिश पोरं शिकली. रिफचा तो छोटा तुकडा तिथूनच आला. देण्याघेण्याचा हिशेबही नेहमी सरळ नव्हता. विली डिक्सननं लिहिलेलं आणि १९६२ मध्ये मडी वॉटर्सनं गायलेलं 'यू नीड लव्ह' लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये ओळखू येतं. डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावला, तडजोड झाली, आणि आता श्रेयात त्याचं नाव आहे. उगमाचा धडा कारखान्याच्या फाटकापाशी सुरू केला की हा माणूस गोष्टीत येतच नाही.

मग कारखान्याकडे राहिलं काय? माझ्या मते, सुटका करून घ्यायची घाई. सॅबथचा गायक ओझी ऑस्बोर्न लुकासच्या कारखान्यात मोटारींचे हॉर्न जुळवत बसायचा, नंतर कत्तलखान्यात होता, मधे चोरीपायी काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला. बटलर हिशेबनिसाकडे उमेदवारी करत होता. अशा मुलांना कॅलिफोर्नियातली फुलं आणि प्रेमाची गाणी आपली वाटणं कठीणच होतं. बटलरनं लिहिलेल्या गाण्यांत युद्ध, वेड, मृत्यू आलं. पहिला अल्बम त्यांनी लंडनला जाऊन एका दिवसात उरकला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर नेला. त्याच वर्षीचा 'पॅरानॉइड' थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

यंत्रांचा संबंध स्वतः कलाकारांनीच ठळक केला तो नंतर. बर्मिंगहॅमशेजारच्या वेस्ट ब्रॉमिचमध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'जुडास प्रीस्ट'नं १९७० च्या दशकाच्या अखेरीस चामडं आणि खिळ्यांचा पोशाख चढवला आणि १९८० च्या अल्बमला नावच 'ब्रिटिश स्टील' दिलं. बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन यानं त्या नावाच्या पोलाद कंपनीत खरोखर काम केलं होतं. याच बँडनं ब्लूजचा लवचीक झोल काढून टाकला आणि ताल सरळ, टोकदार केला. कारखान्याशी नातं सांगणारं मेटल ऐकवायचंच तर १९७० पेक्षा हे जास्त चपखल. १९७९ मध्ये 'साउंड्स' साप्ताहिकानं ब्रिटिश मेटलच्या नव्या लाटेला नाव दिलं, तिच्यात लंडनचे 'आयर्न मेडन' होते, शेफिल्डचे 'डेफ लेपर्ड' होते. बर्मिंगहॅमची मक्तेदारी तिथेच संपली.

विद्यापीठांनी हा विषय गांभीर्यानं घ्यायला १९९० चं दशक उजाडलं. डीना वाइनस्टाइन यांनी १९९१ मध्ये समाजशास्त्राच्या बाजूनं आणि रॉबर्ट वॉल्सर यांनी १९९३ मध्ये संगीतशास्त्राच्या बाजूनं पुस्तकं लिहिली. बर्मिंगहॅमनं आपल्या मुलांना जवळ केलं ते त्याहून उशिरा: ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुलाला 'ब्लॅक सॅबथ'चं नाव २०१९ मध्ये मिळालं. ५ जुलै २०२५ ला अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्कवर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले आणि २२ जुलैला ओझी गेला. त्यानंतर कारखान्याची गोष्ट आणखीच घट्ट झाली आहे.

एका तासिकेत हे सगळं बसत नाही. मी असं करीन: आधी मडी वॉटर्स, मग 'मार्स'ची पहिली दोन मिनिटं, मग 'ब्लॅक सॅबथ' गाणं, आणि मुलांना विचारीन, या दोघांकडून कायकाय घेतलंय. अपघाताची गोष्ट त्यानंतर. धुरांड्यांचा फोटो सर्वांत शेवटी, 'ब्रिटिश स्टील' वाजत असताना, कारण तो आधी दाखवला की प्रत्येक रिफमध्ये मुलांना यंत्रच ऐकू येतं. थ्रॅश, डेथ, ब्लॅक मेटल या शाखा पुढच्या आठवड्यावर ढकलाव्यात. त्यांची सुरुवात कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि नॉर्वेतून सांगावी लागते आणि तिथली कारणं पुन्हा वेगळी आहेत.