रिंगणातील यंत्रे आणि सार्वजनिक वाहिनी

२० फेब्रुवारी १९९८ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, ब्रिटनमधील बीबीसी टू या वाहिनीवर ‘रोबॉट वॉर्स’ या कार्यक्रमाचा पहिला भाग दाखवला गेला. हौशी मंडळींनी गॅरेजमध्ये किंवा घरामागच्या शेडमध्ये बनवलेली यंत्रे एका बंदिस्त रिंगणात उतरत आणि एकमेकांना उलथवून, कापून किंवा ढकलून निकामी करण्याचा प्रयत्न करत. मूळ कल्पना अमेरिकेतली. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्या मार्क थॉर्प यांना १९९२ मध्ये दूरनियंत्रित व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटपटीतून ती सुचली आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशी पहिली स्पर्धा त्यांनी भरवली. तिला घराघरात नेण्याचे काम मात्र ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने केले, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

बीबीसीचा खर्च मुख्यत्वे दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कुटुंबांच्या परवाना शुल्कातून भागतो, आणि माहिती देणे, शिक्षण देणे व रंजन करणे ही तिची जुनी त्रिसूत्री आहे. लोकांच्या पैशांतून यंत्रांची मोडतोड का दाखवावी, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू नाही. पण या कार्यक्रमामागे एक परंपरा होती. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘द ग्रेट एग रेस’मध्ये रबर बँडच्या ताणावर चालणारी आणि एक अंडे न फोडता जास्तीत जास्त दूर नेणारी गाडी बनवण्याचे आव्हान होते. पुढे १९८१-८२ मध्ये संगणक साक्षरतेच्या मोहिमेसाठी बीबीसीने स्वतःच्या नावाचा संगणक बाजारात आणवला आणि तो कसा वापरायचा हे पडद्यावर शिकवले. सामान्य माणसाने यंत्र हाती घ्यावे, ही धारणा संस्थेत आधीपासूनच रुजलेली होती.

‘रोबॉट वॉर्स’ची निर्मिती बाहेरच्या कंपनीकडे असली, तरी बीबीसीचा हात रिंगणातही दिसत असे. स्पर्धकांना सतावणारे ‘हाउस रोबॉट’ संस्थेच्या दृश्यपरिणाम विभागाने घडवले होते. नाटके आणि विज्ञानकथा मालिकांसाठी खोटी यंत्रे बनवण्यात ज्यांची हयात गेली, त्या कारागिरांना येथे खरोखर चालणारी, तडाखा देणारी आणि तडाखा सोसणारी यंत्रे करावी लागली. त्यांतील ‘सर किलालॉट’ला पेट्रोल इंजिन आणि हायड्रॉलिक चिमटा होता, आणि स्पर्धकांसाठीची वजनमर्यादा त्याला लागू नव्हती.

आता रिंगणातल्या भौतिकशास्त्राकडे वळू, कारण या कार्यक्रमाचे खरे समर्थन तिथेच आहे. पहिल्या मालिकेचा विजेता ‘रोडब्लॉक’ हा पाचरीच्या आकाराचा होता. पाचर प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरली की त्याच्या चाकांवरचा भार कमी होतो. चाक आणि जमीन यांच्यातील घर्षण त्या भारावर अवलंबून असल्यामुळे भार गेला की पकडही जाते, मग मोटर कितीही ताकदवान असो. म्हणूनच यंत्राची कडा जमिनीपासून किती मिलिमीटर वर आहे यावर सामने फिरत.

तिसऱ्या मालिकेत ‘हिप्नो-डिस्क’ आला. त्याच्या पुढच्या बाजूला वेगाने फिरणारी, कडेला दात असलेली जड तबकडी होती. तिच्यातल्या उर्जेचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २० किलो वजनाची आणि ३० सेंटिमीटर त्रिज्येची भरीव तबकडी मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर तिच्यात सुमारे २० हजार ज्यूल गतिज ऊर्जा साठते. एक टन वजनाची मोटार ताशी २३ किलोमीटर वेगाने धावताना तिच्यातही साधारण एवढीच ऊर्जा असते. फरक असा, की तबकडीची मोटर ही ऊर्जा काही सेकंदांत हळूहळू भरते आणि तबकडीचा दात ती क्षणार्धात मोकळी करतो. मात्र वेग वाढवत नेणे हाही उपाय नव्हे. तबकडीला दोन दात असतील आणि प्रतिस्पर्धी सेकंदाला तीन मीटर वेगाने समोर येत असेल, तर एक दात निघून दुसरा येईपर्यंत तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर पुढे सरकतो. वेग आणखी वाढवला की दाताला धातूत रुतायला जागाच उरत नाही आणि तबकडी नुसती खरवडत राहते. शिवाय भोवरा जसा सहजासहजी कलत नाही, तशी ही तबकडीही कलायला विरोध करते, आणि तबकडी उभी फिरणारी असेल तर वळताना यंत्राचे एक चाक जमिनीवरून उचलले जाते.

‘हिप्नो-डिस्क’ला तिसऱ्या मालिकेच्या अंतिम फेरीत हरवले ‘केऑस २’ या उलथवणाऱ्या यंत्राने. त्याचे हत्यार कार्बन डाय-ऑक्साइड वायूवर चालणारा दट्ट्या (पिस्टन) होते. असा दट्ट्या १० सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि त्यावर वातावरणाच्या दहापट दाब असेल, तर जवळपास ८०० किलो वजन पेलण्याइतके बल मिळते. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाच्या भिंतीपलीकडे फेकून देणारे पहिले यंत्र हेच. या हत्याराची मर्यादाही शिकण्यासारखी आहे. टाकीत द्रवरूपात साठवलेल्या या वायूची वाफ होताना उष्णता शोषली जाते, टाकी थंड पडते आणि तिच्यातील दाब उतरतो. २० अंश सेल्सिअसला ५७ बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) आसपास असलेला हा दाब शून्य अंशाला ३५ बारपर्यंत घसरतो. सामन्याच्या शेवटी दट्ट्याची उसळी मंदावलेली दिसे, त्यामागे हे एक कारण असू शकते.

इथे माझी तक्रार आहे. एवढा भरगच्च ऐवज डोळ्यांसमोर घडत असताना सुरुवातीच्या मालिकांनी तो उलगडून सांगण्यापेक्षा निवेदकाच्या आरोळ्यांवर अधिक भर दिला. पहिल्या मालिकेत लढतीआधी अडथळ्यांची वाट आणि कौशल्याची चाचणी असे दोन टप्पे होते. तिसऱ्या मालिकेपासून ते गळाले आणि लढत हेच सर्वस्व झाले. २००० मध्ये बीबीसीने ‘टेक्नो गेम्स’ हा धावणे, पोहणे, चढणे अशा यंत्रांच्या क्रीडास्पर्धांचा कार्यक्रम आणला, पण तो २००३ मध्ये थांबला. ‘रोबॉट वॉर्स’ही त्याच सुमारास खासगी वाहिनीकडे गेला. २०१६ मध्ये तो बीबीसी टूवर परतला, तेव्हा दोन सामन्यांमधील दुरुस्तीला, जळालेल्या मोटरींना आणि रात्रभर चाललेल्या वेल्डिंगला पडद्यावर जास्त वेळ मिळाला. यंत्र फुटताना दाखवणे कोणत्याही वाहिनीला जमते. ते का फुटले आणि पुन्हा कसे उभे राहिले, हे सांगण्याइतका वेळ काढणे सार्वजनिक वाहिनीला शक्य असते आणि तिने तो काढायलाच हवा.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांना स्पष्ट सांगायला हवी होती. ही यंत्रे रूढ अर्थाने रोबो नव्हती. स्पर्धकांच्या यंत्रांचे निर्णय माणूस घेत होता आणि रेडिओ लहरींवरून आज्ञा देत होता. संदेश तुटला तर यंत्राने आपोआप थांबावे आणि हाताने काढता येणारी जोडणी उपसली की सगळा वीजप्रवाह बंद व्हावा, या सुरक्षेच्या अटी असत. कार्यक्रमाचे दीर्घकाळचे परीक्षक नोएल शार्की हे शेफिल्ड विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्ता व रोबोशास्त्राचे प्राध्यापक होते. २००९ मध्ये रोबो-शस्त्रांवर नियंत्रण आणू पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता, आणि माणसाच्या निर्णयाविना लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध ते सातत्याने बोलत आले आहेत. रिंगणातील लढतींचे गुण देणे आणि हा विरोध यांत मला विसंगती दिसत नाही. नियंत्रण कोणाच्या हाती आहे, हाच दोन्हीकडचा मुद्दा आहे.

जपानच्या एनएचके या सार्वजनिक संस्थेने वेगळी वाट धरली. अभियंते मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेतून तिने १९८८ मध्ये तंत्रमहाविद्यालयांसाठी ‘रोबोकॉन’ सुरू केली. तिथे प्रतिस्पर्ध्याची मोडतोड करणे हा हेतू नसतो. दर वर्षी नवे काम दिले जाते आणि ते अधिक चांगले पार पाडणारा संघ जिंकतो. २००२ पासून आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेच्या सदस्य संस्था ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय पातळीवर भरवतात, आणि भारताच्या बाजूने ती जबाबदारी दूरदर्शनकडे आली. २००८ आणि २०१४ अशी दोनदा ही स्पर्धा पुण्यात झाली. यजमान देशाने विषय ठरवायचा असल्यामुळे २००८ मध्ये देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना दहीहंडीवर बेतलेले कोडे सोडवावे लागले. २०१४ मध्ये विषय होता पालकत्व. एका मोठ्या यंत्राने लहान यंत्राला उचलून खेळाच्या मैदानावर न्यायचे, सी-सॉवर बसवायचे, झोक्यावर ठेवायचे आणि शेवटी त्याला शिडीच्या जाळीवर चढू द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. लहान यंत्राला न आपटता दुसऱ्या यंत्राच्या हातून झोक्यावर ठेवायचे, तर पकडीचा जोर आणि हालचालीची अचूकता दोन्ही सांभाळावी लागतात. प्रतिस्पर्ध्याला २० हजार ज्यूलचा तडाखा देण्यापेक्षा ते अभियांत्रिकीच्या दृष्टीने मुळीच सोपे नाही.