दोन बुरुज आणि तीन बुरुज: डॅनिश मुलाम्याच्या भांड्यांवरील छापांची पार्श्वभूमी

जुन्या डॅनिश काट्याचमच्यांची पाठ पाहणारा पहिल्यांदा गोंधळतो तो बुरुजांच्या छापापाशी. तीन बुरुज हे कोपनहेगन शहराचे चिन्ह. १६०८ पासून ते तिथल्या चांदीवर उमटू लागले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या जोडीला पारख अधिकाऱ्याची, म्हणजे चांदीचा कस तपासणाऱ्याची, खूण आणि महिना सांगणारे राशिचिन्हही आले. कारागिराची खूण वेगळी. एका चमच्यावर एवढा दाखला, तोही सरकारी देखरेखीखाली! १८८८ च्या कायद्याने, जो १८९३ पासून लागू झाला, चांदीचा किमान कस हजारी ८२६, म्हणजे हजार भागांत ८२६ भाग शुद्ध चांदी, असा ठरला. राशिचिन्हे त्याच सुमारास गेली. '८३० एस' किंवा '९२५ एस' असे आकडे दिसले, तर वस्तू खऱ्या चांदीची असल्याचा दावा आहे असे समजावे. पारख अधिकाऱ्याची आद्याक्षरे असली तर काळही सापडतो: सिमोन ग्रोथ १९०४ पर्यंत, मग १९३२ पर्यंत क्रिस्टियन हाइसे, त्यानंतर १९६० पर्यंत योहानेस सिगार्ड.

मुलाम्याची भांडी मात्र या शिस्तीबाहेर वाढली. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने चांदी चढवण्याचे पेटंट घेतले. आतला धातू बहुतेक वेळा तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण, म्हणजे जर्मन सिल्व्हर. त्यात चांदीचा कणही नसतो. आपल्याकडे पूजेच्या साहित्यात हे नाव सर्रास ऐकू येते. डेन्मार्कमध्ये १८६२ पासून व्यवसायस्वातंत्र्य आले, कारागीर संघांची मक्तेदारी संपली आणि कारखान्यांना मैदान मोकळे झाले. मध्यमवर्गाला चांदीसारख्या दिसणाऱ्या काट्याचमच्यांचे पूर्ण डझन हवे होते, चांदीचा भाव मात्र परवडत नव्हता.

मुलाम्यावर कस सांगण्याजोगे काही नसल्याने कारखान्यांनी स्वतःची नावे, आद्याक्षरे, मुकुट आणि व्यापारी नावे ठोकायला सुरुवात केली. डेन्मार्कमधल्या फ्रेडेरिसिया शहरातील कार्ल एम. कोर यांचा कारखाना १८६० चा. चांदीच्या मालाबरोबरच त्यांनी 'आट्ला' या नावाने मुलाम्याचा माल काढला. आणि मग दोन बुरुज. हा छाप मुलाम्याच्या मालावर दिसतो. तीन बुरुजांची आठवण व्हावी, पण कायद्याने हरकत घेऊ नये, असा हा हिशेब माझ्या मते उघड आहे. झिजलेल्या चमच्यावर दोन की तीन, हे भिंगाखालीच कळते. म्हणून बुरुज मोजायचेच, पण कसाचा आकडा आहे की नाही तेही बघायचे.

आकड्यांचाही एक सापळा आहे. '९०' हा छाप बहुधा जर्मन मालावर येतो. तो शुद्धता सांगत नाही. बारा चमचे आणि बारा काट्यांवर किती ग्रॅम चांदी चढवली, ते सांगतो. बाजारात तो डॅनिश ढिगात मिसळलेला असतो.

'डेन्मार्क' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने कोरलेला असेल तर माल निर्यातीसाठी असण्याची शक्यता जास्त, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत असणे बंधनकारक केले. छाप पुसट असेल तर काट्याच्या टोकांकडे आणि चमच्याच्या पाठीच्या फुगीर भागाकडे पाहावे. टेबलावर घासला जाणारा भाग हाच; मुलामा आधी तिथून उडतो आणि खालून पिवळसर-राखाडी धातू डोकावतो.