पडीक एफएमवर उगवलेलं रॉक

बॉस्टनचं डब्ल्यूबीसीएन हे रॉकचं रेडिओ केंद्र. नावातल्या बीसीएनचा अर्थ मात्र बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क. १९५८ साली टी. मिचेल हेस्टिंग्ज या एफएमवेड्या गृहस्थांनी ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी सुरू केलं. आवाज सुरेख, पण ऐकणार कोण? तेव्हा अमेरिकेत घरोघरी आणि गाड्यांमध्ये एएमचंच, म्हणजे जुन्या मीडियम वेव्ह रेडिओचंच, राज्य होतं. एफएमकडे जाहिरातदार फिरकत नसत. दहा वर्षांत केंद्र पैशाला महाग झालं.

त्याच सुमारास रे रीपेन नावाचा वकील शहरात ‘बॉस्टन टी पार्टी’ हा रॉकचा क्लब चालवत होता. तिथे रात्री तुडुंब गर्दी, आणि एएम लावलं की तीच ती तीन-तीन मिनिटांची हिट गाणी. कॉलेजची पोरं अख्खे अल्बम ऐकतात, हे त्यानं हेरलं आणि हेस्टिंग्जकडून रात्रीची वेळ मागून घेतली. नाहीतरी त्या वेळेला कुणी विचारत नव्हतं! १५ मार्च १९६८च्या रात्री ‘मिसिसिपी हॅरल्ड विल्सन’ असं टोपणनाव घेतलेल्या जो रॉजर्सनं क्रीम बँडचं ‘आय फील फ्री’ लावलं. काही कार्यक्रम तर क्लबच्या मागच्या खोलीतून व्हायचे. मध्यरात्रीनंतर माइकवर असायचा पीटर वुल्फ, पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून गाजलेला. कोणती तबकडी लावायची, हे निवेदकच ठरवायचा. माझ्या मते केंद्राची खरी पुंजी हीच. काही महिन्यांतच दिवसभर रॉक वाजू लागलं.

एफएमला भाव आला तशी मालकांची नजरही बदलली. फेब्रुवारी १९७९मध्ये नव्या मालकांनी केंद्र ताब्यात घेताच जवळपास निम्म्या लोकांना घरी बसवलं. उरलेलेही त्यांच्यासोबत संपावर गेले. श्रोते संपकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले, जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. तीन आठवड्यांत मालक नमले आणि काढलेल्यांना परत घेतलं. त्याच वर्षी स्थानिक बँडांची ‘रंबल’ स्पर्धा सुरू झाली. १९८३मध्ये ती जिंकणाऱ्या ‘टिल ट्यूसडे’ची गायिका एमी मान पुढे देशभर गाजली.

नव्वदच्या दशकात मात्र धंद्याचा हिशोब वरचढ ठरला. १९९६मध्ये सकाळी न्यूयॉर्कहून येणारा हॉवर्ड स्टर्नचा बडबडीचा कार्यक्रम आला आणि वर्षानुवर्षं ‘द बिग मॅट्रेस’मधून शहराला जागं करणारे चार्ल्स लॅक्विडारा दुसऱ्या केंद्रावर गेले. केंद्रावर अमेरिकन फुटबॉलचं समालोचनही होतंच.

ऑगस्ट २००९मध्ये सीबीएस कंपनीनं बॉस्टनमधल्या आपल्या केंद्रांची अदलाबदल केली. डब्ल्यूबीसीएनच्या १०४.१ या एफएम जागेवर दुसरं संगीत केंद्र आलं, तिकडे ९८.५वर खेळांच्या गप्पा सुरू झाल्या. एफएमवरचं डब्ल्यूबीसीएन बंद झालं. रॉकची एक्केचाळीस वर्षं झाली, तरी नावातला ‘कॉन्सर्ट’ कुणी काढला नव्हता.